घाटावरचा थेंब, घाटाखालचं पाणी



बी.ए. असो, बी.कॉम. असो की बी.एस्सी., एक पेपर सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. पर्यावरणशास्त्राचा. विद्यार्थी आदल्या रात्री गाईड उघडतो. परिसंस्था, अन्नसाखळी, जैवविविधता, शाश्वत विकास अशा दहाबारा व्याख्या घोकतो. सकाळी त्या उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि दुपारच्या एसटीत बसेपर्यंत त्यांतल्या निम्म्या विसरून जातो. या पेपरात नापास होणारा विरळा. आजचं भाषण त्याच पेपरावर आहे, कारण हाती पदवी आल्यानंतर सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारा पेपर तोच आहे.

हा पेपर विद्यापीठाला सहज सुचलेला नव्हता. एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या पाट्या दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनवरून त्याची माहिती द्यावी आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करावा, अशी त्यांची मागणी. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने ती मान्य केली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांच्याकडून लिहून घेतलं. भरुचा पेशाने शल्यचिकित्सक. माणसाच्या शरीरातला एक अवयव बिघडला की दुसऱ्यावर काय गुदरतं हे रोज पाहणाऱ्या माणसाने ते पुस्तक लिहिलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या पुस्तकातल्या सगळ्या व्याख्या पिळून काढल्या तर हाती दोन प्रश्न उरतात. हे कुठून आलं? आणि इथून कुठे जाणार?

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे प्रश्न नवे नाहीत. इथे गाव विचारलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, घाटावरचं की घाटाखालचं? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. सोयरीक जुळवताना, पेरणीची चर्चा करताना हा भेद सहज तोंडी येतो. भूगोलाच्या पुस्तकात या घाटाच्या माथ्यालाच जलविभाजक म्हणतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाण्याजवळ पैनगंगा उगम पावते. ती वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच पठाराच्या कडेवरून नळगंगा आणि ज्ञानगंगा उतरतात त्या पूर्णेत, पूर्णा तापीत, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. वळवाच्या एकाच सरीतले दोन थेंब धारेवर वीतभर अंतराने पडले तर एक राजमहेंद्रीच्या वाटेला लागतो, दुसरा सुरतेच्या. पाणलोट क्षेत्राची व्याख्या परीक्षेत दोन गुणांना विचारतात. ती समजून घ्यायला राजूर घाटाच्या माथ्यावर उभं राहून दोन्हीकडे पाहावं.

आता लोणार. इथे थोडं थांबायला हवं.

बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात, आणि जिल्ह्यातली मुलं तिथे सहलीचे डबे खाऊन परत येतात. त्याचं वय आधी सुमारे ५० हजार वर्षं धरत. आर्गॉन पद्धतीच्या नव्या मापनाने ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास गेलं. पण उल्का ही त्याची निम्मीच गोष्ट. विवरात पाणी येतं, बाहेर जायला एकही ओढा नाही. पाणी जातं ते वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. हजारो वर्षं हेच चाललं, म्हणून तळ्याचा सामू १० च्या आसपास पोचला. साबणाच्या पाण्याइतकं अल्कधर्मी तळं. आणि त्याच्याच काठावर ‘धार’ या झऱ्याचं बारमाही गोडं पाणी, शिवाय सीतान्हाणी आणि रामगया हे झरे. काठावरच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका अंगाला पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाला खारं, असं लोणारकर सांगत आले आहेत. वर झाडी, झाडीत मोर आणि वानरं, खाली चिखल, चिखलापलीकडे असं पाणी की ज्यात निळसर हिरवं शेवाळ आणि सूक्ष्मजीवच तगतात. ‘परिसंस्था’ हा शब्द आर्थर टान्सले या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली रूढ केला. सजीव आणि निर्जीव यांचं देवघेवीचं एकच जाळं, असा त्याचा अर्थ. अर्ध्या तासात वरून खालपर्यंत चालत जाऊन एवढ्या परिसंस्था ओलांडता येतील अशा जागा फार नाहीत.

जून २०२० मध्ये हे तळं गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, माणसं घरात, आणि फोनवर लोणारची छायाचित्रं फिरू लागली. कुणी चमत्कार म्हटलं, कुणी अपशकुन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. तिथे उत्तर मिळालं. पाऊस कमी, ऊन जास्त, पातळी खाली, म्हणून क्षार वाढले. वाढत्या क्षारांत हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या अंगातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याने पाणी रंगलं. ते सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि रंग ओसरला. रोहित पक्ष्याच्या पिसांची गुलाबी छटाही त्याच्या खाण्यातल्या अशाच रंगद्रव्यांतून येते. ऊन, पाऊस, क्षार, जिवाणूसारखे जीव, पक्ष्याचं पीस. पाठ्यपुस्तकात अजैविक घटक एका प्रकरणात असतात आणि जैविक घटक दुसऱ्यात. लोणारला ते एकाच ओंजळीत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या पाणथळ जागांच्या करारावरून हे नाव पडलं. अलीकडे उलटीच गोष्ट घडली. पातळी इतकी वाढली की काठावरच्या कमळजादेवीच्या मंदिराला पाणी भिडलं. जास्तीचं गोडं पाणी हे लोणारसाठी वरदान आहे असं कुणाला वाटेल. पण ज्या तळ्याचं वेगळेपणच त्याच्या खारेपणात आहे, तिथे गोडं पाणी हेही संकटच. प्रदूषण म्हणजे घाण, अशी समजूत इथे अपुरी पडते.

आता पाण्याकडून जनावराकडे वळू. २०१९ च्या सुरुवातीला यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. एवढ्या जंगलात वाघ वाढले की जागा अपुरी पडते. पुस्तकात याला धारणक्षमता म्हणतात. जूनमध्ये तो वाघ निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादेत शिरला, परत फिरला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे १३०० किलोमीटर. दिवसा नाल्याच्या झुडपांत दडायचं, रात्री चालायचं. वाटेत कपाशीची आणि तुरीची शेतं, रस्ते, कालवे, गावं. मानवी वस्तीतून झालेल्या या प्रवासात त्याने एकाही माणसाचा जीव घेतला नाही, आणि वाटेवरच्या माणसांनीही त्याला जगू दिलं. या दुसऱ्या गोष्टीचा विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मोठा अभिमान वाटायला हवा.

ज्ञानगंगेत त्याला अस्वलं भेटली, नीलगायी भेटल्या, रानडुकरं भेटली. वाघीण नव्हती. बोथ्याच्या घाटातून बुलढाणा-खामगाव रस्त्याने जाणारा प्रवासी ज्याला सलग जंगल समजतो, ते वाघाच्या नजरेने शेतांच्या समुद्रातलं बेट आहे. भ्रमणमार्ग का हवेत, हा पाच गुणांचा प्रश्न. त्याचं उत्तर त्या एका जनावराने पावलांनी लिहून दिलं. जिल्ह्यातून आज ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जातो. त्याच्याखालून आणि वरून वन्यप्राण्यांसाठी वाटा ठेवल्या आहेत. त्या वाटा खरोखर वापरात आहेत का, हे तिथल्या मातीवरचे ठसे सांगतात, आणि ते वाचायला प्राणिशास्त्राची पदवीच लागते असंही नाही.

घाटाखाली उतरलं की पाण्याची चव बदलते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं; इथल्या कितीतरी विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. हेच पाणी शेताला दिलं तर त्यातलं सोडियम काळ्या मातीच्या कणांची जडण विस्कटतं, भेगा आणि छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. म्हणून खाली पाणी असूनही इथला शेतकरी कोरडवाहू. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या गावांत किडनीच्या आजाराने माणसं गेली. घरटी कुणी ना कुणी ते दुःख पाहिलेलं आहे. या भागाला सातपुड्याच्या कुशीतल्या वान धरणाचं पाणी नळाने देण्यासाठी १४० गावांची योजना झाली. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथली बाई आजही हातपंपाकडे वळते, आणि तिला पर्यावरणीय आरोग्य ही संज्ञा समजावून सांगण्याची गरज नाही.

या सगळ्यांत बोलकी घटना अगदी ताजी आहे. डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. चार दिवसांत टक्कल. लहान मुलं, तरुण मुली, म्हातारे, सगळेच. कुणी शाळा चुकवू लागलं, कुणी डोक्याला रुमाल बांधूनच घराबाहेर पडू लागलं. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि खारपाणपट्ट्यात तो जाणं साहजिकच होतं. तपासणीत नायट्रेट जास्त निघालंही. आरोग्य खात्याची पथकं आली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तज्ज्ञ आले. विंचूदंशावरच्या संशोधनाने जगाला माहीत झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही आले. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातलं धान्य तपासून घेतलं. त्यांचा निष्कर्ष असा की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलं होतं आणि ते आलं होतं रेशनच्या गव्हातून. स्थानिक गव्हात ते तसं नव्हतं.

सेलेनियम हे विष म्हणून कुणी शिकवत नाही. शरीराला ते अगदी थोडं लागतंच. प्रमाण सुटलं की तेच केस आणि नखं नेतं. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही भागांत मातीतच ते जास्त आहे. मातीतून पिकात, पिकातून पोत्यात, पोत्यातून रेशन दुकानात, तिथून ताटात. पाठ्यपुस्तकातली अन्नसाखळी गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी जाते. बोंडगावच्या अन्नसाखळीत रेल्वेचा डबा आणि सरकारी गोदामही येतं. ज्यांनी पहिल्याच दिवशी ‘हे कुठून आलं’ म्हणून पाण्यापलीकडे पाहिलं असतं, त्यांचा शोध लवकर संपला असता.

या जिल्ह्यात नुसती संकटंच घडतात असं कुणी समजू नये. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या काळचा मोती तलाव आजही आहे. जिजाऊंच्या माहेरची माणसं पाणी अडवून शेतीला द्यायचं शास्त्र जाणत होती. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदानाच्या जोरावर राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. त्याच साली भारतीय जैन संघटनेने जिल्हा प्रशासनाबरोबर तलावांतला गाळ काढायचं मोठं काम हाती घेतलं. गाळ शेतात गेला, तलावात पाणी मावू लागलं. महामार्गाला लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांतून घ्यायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि तलावही खोल होतो, ही युक्ती पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. मात्र नाला किती खोल करायचा याला भूगर्भाची मर्यादा असते. गाळ काढणं वेगळं आणि खालचा पाणी धरणारा थर खरवडणं वेगळं. यंत्र दोन्ही सारख्याच वेगाने करतं. फरक ओळखायला तिथे शिकलेलं माणूस उभं असावं लागतं.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा धान्यांचं रिंगण, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याने भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकूळ किती भिजलं, दाणा कुठे सरकला हे पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. तीन शतकांहून जुनी ही परंपरा, आणि ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. त्या भाकिताला विज्ञानाचा आधार नाही, हे पदवीधराने स्पष्ट सांगावं. पण पहाटे उठून, वाकून, मातीचा ओलावा डोळ्यांनी तपासणारी ती माणसं निरीक्षणच करत असतात, आणि त्यांची पावसाची काळजी खरी असते. तीच नजर पर्जन्यमापकाकडे आणि विहिरीकडे वळली तर हाती आकडा येतो, आणि पुढच्या वर्षी तो पडताळता येतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्या विहिरी मोजक्याच आहेत. गावातल्या बाकीच्या विहिरी सहसा कुणी मोजत नाही. साहित्य फार लागत नाही. सुतळीचा गुंडा, टोकाला दगड, मीटरमागे एक गाठ आणि एक शंभर पानी वही. काठावर दगडाने खूण करून ठेवायची, म्हणजे दर वेळी तिथूनच मोजलं जाईल. मे महिन्याच्या शेवटी भेंडवळची मांडणी होऊन गेलेली असेल, सोयाबीनचं बियाणं दुकानात आलेलं असेल आणि पाऊस अजून यायचा असेल. वहीतली पहिली ओळ तेव्हा भरायची: तारीख, वेळ, विहिरीचं नाव, किती गाठी सुतळी आत गेली, आणि पाण्याची चव. दुसरी ओळ ऑक्टोबरात.