टकटक आवाज आला की आधी बंद करा: हार्ड डिस्क वाचवण्याबद्दल

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

बसमध्ये असाल, मेसमध्ये ताटासमोर असाल, रात्री दिवा मालवून पडला असाल, असाल तिथे निवांत ऐका. आजचा विषय हार्ड डिस्क.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, आम्ही फोनवाले, आमचा हार्ड डिस्कशी काय संबंध? संबंध आहे. फोन भरला की तुम्ही काय करता? फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग सगळं घरच्या पीसीवर टाकता, नाहीतर ती खिशात मावणारी पोर्टेबल डिस्क असते तिच्यावर टाकता. मग फोनमधून डिलीट. आणि घरात सांगता, बॅकअप घेतलाय! अहो, ही नुसती हलवाहलव झाली. सामान एका कपाटातून काढून दुसऱ्यात ठेवलं, नग एकच राहिला. आणि हे दुसरं कपाट पहिल्यापेक्षा नाजूक आहे.

किती नाजूक ते सांगतो. पीसीमधली साधी साडेतीन इंची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०. आतल्या तबकडीची बाहेरची कड धरली तर तिचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर वाचणारं हेड टेकलेलं नसतं, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. हे अंतर असतं काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. धुळीचा एक कण म्हणजे त्या हेडच्या वाटेत डोंगरच. म्हणून चालू डिस्कला धक्का बसला, ती टेबलावरून पडली, की हेड तबकडीवर घासू शकतं. आणि घासलं की त्या जागी डेटा लिहिलेला थरच खरवडला जातो. तिथलं परत आणायला कुठलंही सॉफ्टवेअर नाही, कारण तिथे काही उरलेलंच नसतं.

म्हणून पहिली गोष्ट, कान लावा. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येत असेल, किंवा किसणीवर काही घासल्यासारखा आवाज असेल, तर लगेच बंद करा. 'एकदा परत लावून बघतो' नको. हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाहीये, परत मागे जातंय, तो तो आवाज. अशा डिस्कला तुम्ही दहा वेळा चालू केलीत, तर दहा वेळा ती स्वतःला ओरबाडून घेऊ शकते. लोक नेमकं हेच करतात. काढतात, फुंकर मारतात, परत लावतात. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटला फुंकर मारायची सवय आपल्या पिढीची, ती जात नाही.

पण प्रत्येक वेळी डिस्कच मेलेली असते असंही नाही, आणि हे दुरुस्तीच्या कामात रोज दिसतं. लाइट गेली, परत आली, पीसी चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'. घरचे म्हणतात, गेली हार्ड डिस्क. आधी बघा, पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का. हसू नका, बऱ्याचदा तोच असतो. मशीन त्याच्यावर विंडोज शोधत बसतं. नसेल तर घड्याळ बघा. तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेली असेल, वेबसाइट उघडताना 'सुरक्षित नाही' असं येत असेल, तर मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल संपलाय, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. किराणा दुकानातही मिळतो. तो संपला की बायॉसची सेटिंग विसरली जातात, आणि कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तेही कधीकधी विसरलं जातं. सेल बदला, बायॉसमध्ये क्रम लावा, झालं.

पंखा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच नाही आणि बीप बीप ऐकू येतंय, तर संशय रॅमवर. प्लग काढून, रॅम सोडवून, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवून परत बसवा. देशी उपाय आहे, पण पट्टीवरची काजळी खरंच जाते. मात्र रबराचा चुरा स्लॉटमध्ये पाडू नका. आणि कॅबिनेट, म्हणजे घरोघरी ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा, उघडलाच आहे तर डिस्कच्या दोन्ही केबल दाबून बसवा. सैल केबलने डिस्क गायब होते आणि लोक नवीन डिस्क विकत आणतात.

पोर्टेबल डिस्कचंही तसंच. दिसत नसेल तर आधी केबल बदला. ती रुंद चपटी पिन असते ना, दोन भागांची, ती फार लवकर ढिली होते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, पुढे कधीकधी वीज पुरेशी पोचत नाही. तरी नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. तिथे डिस्क दिसते पण तिला अक्षरच नाही, असंही होतं. अक्षर दिलं की प्रकट होते.

आता खरा धोका. डिस्क लावली, ती दिसली, आणि विंडोज म्हणालं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?' इथे हात थांबला पाहिजे. विंडोजला डिस्कची अनुक्रमणिका वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकाचं पहिलं पान फाटलं म्हणून पुस्तक रद्दीत घालू का, असं ते विचारतंय. क्विक फॉरमॅट झालं तर नवी कोरी अनुक्रमणिका लिहिली जाते, तेव्हा निदान काही आशा असते. पण विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. मग संपलंच.

दुसरा सापळा चेकडिस्क. इंटरनेटवर पहिला सल्ला तोच मिळतो. चेकडिस्कचं काम आहे डिस्कवरची मांडणी नीट करणं. तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. मांडणी जुळावी म्हणून ते तुटके तुकडे उचलून 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं, नावं घालवून. धडधाकट डिस्कवर ठीक आहे. आजारी डिस्कवर ते तासन्‌तास घासत बसतं आणि वर लिहीतही राहतं.

मग करायचं काय? आधी प्रत, मग दुरुस्ती. एक उदाहरण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजातली एक मुलगी पोर्टेबल डिस्क घेऊन आली. तिच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने दोन वर्षं फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. फोन भरला म्हणून डिस्कवर टाकल्या, फोनमधून काढल्या. मधे दिवाळीत आजी गेली. आता डिस्क लावली की मशीन हँग, आणि दहा मिनिटांनी तोच प्रश्न, फॉरमॅट करू का. तिने 'नाही' दाबून डिस्क काढून ठेवली होती. "दादा, मी काहीच नाही केलं," असं ती घाबरत सांगत होती. म्हटलं, तू काहीच केलं नाहीस हेच बरं केलंस.

मी आधी तिला विचारलं, या ओव्या कुणाला पाठवल्या होत्यास का? आठवत नव्हतं. फोनवर शोधलं तर मावशीच्या चॅटमध्ये चार निघाल्या. हे कायम आधी करा. घरच्या ग्रुपमध्ये, जुन्या फोनमध्ये, मेलमध्ये शोधा. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले फोटो, व्हिडिओ ६० दिवस राहतात. पैसे खर्चायच्या आधी ही झडती फुकट आहे.

डिस्कला टकटक नव्हती, मोटर नीट फिरत होती. म्हणजे तबकडीचा काही भाग खराब, बाकी शाबूत. अशा वेळी मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करतो आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. फुकट आहे. त्याची युक्ती साधी. आधी जेवढं सहज वाचता येतंय तेवढं सगळं भराभर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि त्यांची नोंद एका फाइलीत ठेवतं. मग शेवटी त्या अडलेल्या जागांकडे परत येतं. मधे लाइट गेली तरी नोंदीवरून तिथूनच पुढे सुरू होतं, आपल्याकडे हे महत्त्वाचं! एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची, कुठली डिस्क आजारी आणि कुठली नवी. उलटं दिलंत तर नव्या डिस्कवरचा कोरेपणा जुनीवर लिहिला जाईल.

एक दिवस आणि पुढची रात्र ते चाललं. मग त्या प्रतीवर, मूळ डिस्कला हात न लावता, टेस्टडिस्क आणि फोटोरेक चालवलं. हीही दोन्ही फुकट. फोटोरेक फाइलींची नावं परत देत नाही, आतला मजकूर ओळखून फाइल काढतं, म्हणून सगळ्या ओव्यांना नुसते आकडे आले. ४३ मिळाल्या. दोन मधेच तुटतात. एकीत आजी ओवी अर्धी सोडून "बंद कर गं ते" म्हणते. ती मात्र अख्खी आली.

आता काय करू नका ते पटकन. फ्रीजरमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की आत दव धरतं. उघडू नका, मघाशी धुळीचं सांगितलं. जुनं हिरवं सर्किट दुसऱ्या डिस्कवरून काढून बसवायची कल्पना लढवू नका. आताच्या डिस्कमध्ये त्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास मापं असतात, परकं सर्किट नुसतं लावून बहुधा चालत नाही. आणि ज्या डिस्कवरून फाइल गेली त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. गेलेल्या फाइलीच्या जागेवरच ते बसायचं.

डिस्क आधी इशारा देते का? कधीकधी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात ०५ म्हणजे बदली केलेल्या खराब जागा, सी५ म्हणजे वाचता न येऊन ताटकळलेल्या जागा. हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर आजच कॉपी काढा. सी७ वाढत असेल तर डिस्क बरी असू शकते, केबल बघा. पण निळा 'गुड' बघून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडून कुठलाच इशारा दिला नव्हता. उलट ज्यांच्यात पहिली स्कॅन एरर आली, त्या पुढच्या ६० दिवसांत बंद पडायची शक्यता बाकीच्यांच्या ३९ पट होती. थोडक्यात, इशारा आला तर नक्की माना, नाही आला तर त्याचा काही अर्थ लावू नका.

'आमच्याकडे एसएसडी आहे' म्हणणाऱ्यांसाठी. एसएसडी पडली तरी सहसा काही होत नाही, हे खरं. पण ती टकटक करत नाही, न सांगता जाते. आणि तिच्यात ट्रिम नावाची सोय असते. डिलीट केलेली जागा ती स्वतःच मोकळी करून टाकते. म्हणून चुकून डिलीट झालेलं हार्ड डिस्कवरून जसं काढता येतं, तसं एसएसडीवरून बहुतेक वेळा येत नाही. त्यात नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर बऱ्याचदा आपोआप चालू असतं. लॅपटॉप बिघडला, एसएसडी काढून दुसरीकडे लावली, की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. कुठल्या अकाउंटमध्ये, हे लॅपटॉप चालू आहे तोवर बघून ठेवा. दुकानदाराने स्वतःचा मेल टाकून लॅपटॉप चालू करून दिला असेल, तर आजच बदला.

आणि टकटक करणारी डिस्क दुकानात देताना सरळ विचारा: तुमच्याकडे क्लीन रूम आहे का, की पुढे पाठवता? तपासणीचे किती, आणि डेटा नाही मिळाला तर किती? डिस्क उघडण्याआधी मला फोन कराल का? जो म्हणेल 'द्या, बघतो, इथेच उघडतो', त्याच्या टेबलावरून डिस्क उचला आणि थँक्यू म्हणून बाहेर या.

पुढच्या भागात घरचं वायफाय. तुमच्या राउटरच्या जागेचा फोटो काढून पाठवा, बरेच जण तो टीव्हीच्या मागे ठेवतात, त्यावर बोलू.