गोष्ट सांगणारा अडाणी कसा?



आम्ही काही पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. वाचनाची गोडी लागली ती मजुरांचे हजेरीपट तपासता तपासता. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पाहिलेले, आणि बरेचसे आमच्या चुकांतून शिकलेले आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही रात्रीचा वर्ग काढला. कारण साधे होते. दिवाळी झाली की तिथली ठाकूर-कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली खरी. परंतु ज्याला वहीतला आकडा वाचता येत नाही, त्याच्या मानेवरचे जू कोणता कायदा काढणार? विटा किती पडल्या, उचल किती फिटली, हे मालक सांगेल तेच खरे. खाली अंगठा.

पहिल्या रात्री घर भरले. आम्ही फळ्यावर कमळाचा 'क' काढला. पंधरवड्यात चार माणसे उरली. आम्ही रागावलो, "तुम्हालाच शिकायचे नाही!" तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "भाऊ, कमळाचं आम्ही काय करू? आमच्याकडं नागली पिकते."

त्याच रात्री ती नातवंडांना एका दुष्काळाची गोष्ट सांगत होती. आईने कडूकंद कसे चिरले, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडवटपणा कसा काढला, सगळे क्रमवार. एक दुवा निसटला नाही. आम्ही मनात शरमलो. एवढी स्मृती बाळगणारी बाई अडाणी कशी? तिच्या बोलण्याने कागद पाहिला नव्हता, इतकेच.

दुसऱ्या दिवशी तिची चार वाक्ये फळ्यावर लिहून वाचली. ती म्हणाली, "मी असं नाय म्हनले." आम्ही तिची भाषा 'शुद्ध' केली होती! ते पुसून तिच्याच बोलीत लिहिले. मग त्यातला 'नागली' शब्द घेतला आणि फोडला: ना, ग, ली. त्यातून 'नाग' निघाला, 'गली' निघाली, 'नाली' निघाली. माणसे परत येऊ लागली.

तरी दिवाळीला वर्ग मोडलाच. परंतु वर्ग मोडतो, चूल मोडत नाही. घरात शाळेत जाणारे एखादे पोर असे. आईने दिवसाची हकिकत सांगावी, पोराने ती लिहावी, दोघांनी मिळून वाचावी, आणि शेवटी त्या दिवशीच्या विटा मांडाव्यात, एवढेच आम्ही सांगितले. हंगाम संपल्यावर हिशेबाला बसलेल्या एका बाईने वहीच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "इथले दोन दिवस कुठं गेले?" ते दोन दिवस परत मिळाले. आमच्या लेखी तीच तिची परीक्षा आणि तोच तिचा निकाल.

हे नवे नाही. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या आजी गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन येत. शिकवणारी गावचीच सून, आणि घरी अभ्यास घेणारी नातवंडे. शिक्षण घरात शिरले की वयाची लाज गळून पडते.

याचा अर्थ सरकारने हात झटकावेत असा नव्हे. पोराच्या खांद्यावर आईचे शिक्षण टाकून कुणी मोकळे होऊ नये. आणि नुसत्या गोष्टीने भागत नाही. मजुरीची पावती आणि वजनाचा काटाही वाचता आला पाहिजे. पण सुरुवात माणसाच्या स्वतःच्या बोलण्यापासून व्हावी.

मंडळी, आपल्या घरांच्या विटा कुणीतरी पाडलेल्या आहेत. आपल्याकडे धुणेभांड्याला येणाऱ्या बाईला उद्या तिच्या गावची एक गोष्ट विचारा. ती म्हणेल तशीच लिहा आणि कागद तिच्या हाती द्या. पुढचे ती विचारील.