त्वचेचे सौंदर्योपचार : आधी उपचार करणारा पारखावा

(अर्धापूर परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर हा केळी आणि हळदीचा परिसर. हळदीचे बेणे घेताना येथील शेतकरी ते कोणाच्या शेतातले, निरोगी आहे किंवा नाही, याची चौकशी केल्यावाचून पैसे मोजत नाही. मात्र त्याच घरातील लेकीचे लग्न ठरले आणि चेहऱ्यावरील वांग अथवा मुरुमांचे डाग घालविण्याचा प्रश्न आला, की ही चौकस वृत्ती कोठे जाते कोण जाणे! बिनलेबलाची डबी चेहऱ्यावर लावली जाते. सुई टोचणाऱ्याचे शिक्षण कोणी विचारीत नाही. ‘किती दिवसांत उजळेल?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. ‘उपचार कोण करणार?’ हा खरा पहिला प्रश्न राहूनच जातो.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अकोल्यातील एका कुटुंबाच्या अनुभवावरून दिसते. हिंगोली–वाशीम मार्गे रेल्वेने नांदेडशी जोडलेल्या या शहरातील एका विद्यार्थिनीने स्थानिक सौंदर्य व्यावसायिकाकडून चेहरा उजळविण्याचे मलम घेतले. आई आणि बहीण यांनीही ते वापरले. रंग उजळला, म्हणून कोणास शंका आली नाही. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी कारणाचा शोध घेतला, तेव्हा मलमात पारा असल्याचे निष्पन्न झाले. हे वृत्त २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही त्या सुमारास अशाच मलमांमुळे मूत्रपिंडाचे विकार झाल्याचे आढळून आले.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. परंतु तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळण्यास कायद्याने बंदी आहे. दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. ही मलमे लावताच चेहरा तुकतुकीत दिसू लागतो; काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. मलम थांबविताच आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा निर्बंध केंद्र शासनाने २०१८ मध्ये घातला. तो माहीत नसल्याने ती आजही सहज मागितली जातात.

लेसर, रासायनिक सोलण आणि सुई यांबाबत तर अधिक सावधगिरी हवी. सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने ती लेसरचा प्रकाश जास्त शोषून घेते. यंत्राची मात्रा चुकली, तर भाजते आणि पूर्वीपेक्षा गडद डाग राहतो. मराठवाड्याच्या कडक उन्हात सोलणानंतर काळजी न घेतल्यासही तेच घडते. रंग उजळविण्यासाठी शिरेतून सुया देण्याचीही जाहिरात होते. वस्तुतः १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील व्याख्येनुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे शरीरावर चोळण्याची, ओतण्याची, शिंपडण्याची वा फवारण्याची वस्तू; टोचण्याची नव्हे. सुईने शरीरात जाणाऱ्या द्रव्यास सौंदर्यप्रसाधन म्हणणे, ही ग्राहकाची दिशाभूल होय.

याचा अर्थ सौंदर्योपचार त्याज्य आहेत, असा नव्हे. डाग, वांग, भाजल्याचे व्रण यांमुळे मनाला होणारे क्लेश खरे असतात आणि त्यांवर शास्त्रीय उपाय उपलब्ध आहेत. मात्र उपचार करणारा पारखून घ्यावा. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पदवी. त्वचारोगशास्त्रातील एम. डी. अथवा पदविका घेतलेले डॉक्टर, किंवा शस्त्रक्रियेचा भाग असल्यास प्लास्टिक सर्जन, हे या कामाचे अधिकारी. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाचे भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे. दुसरी, नोंदणी. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर दर्शवावा, असा २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांचा दंडक आहे. हा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदींशी पडताळून पाहता येतो. तिसरी, उपचार प्रत्यक्ष कोण करणार? फलकावर नाव एकाचे आणि यंत्र चालविणारा दुसराच, असे नसावे. चौथी, मलम वा औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली असावी. पाचवी, उपचारापूर्वी पूर्वीचे आजार विचारले जावेत, संभाव्य दुष्परिणाम आणि खर्च स्पष्ट सांगितला जावा, संमती लेखी घ्यावी व पावती मिळावी. ‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे. चेहरा स्वच्छ करणे, भुवया कोरणे ही कामे ब्यूटी पार्लरची. सुई, लेसर आणि तीव्र रसायने त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

अर्धापूरहून नांदेड जवळ आहे. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. लातूरकडील लोकांसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पैसे खर्च करण्यापूर्वी असा सल्ला घेतला, तर अनेक अनावश्यक उपचार टळतील.

अपाय झाल्यास डबी फेकून देऊ नये. ती आणि पावती हाच पुरावा असतो. बेकायदा प्रसाधनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. नोंदणीवाचून वैद्यकीय व्यवसाय करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे. त्याची माहिती आरोग्य अधिकाऱ्यांना व पोलिसांना द्यावी. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाचे दार खुले आहे.

गावात अडचण आली, की लोक प्रथम गुरुजींना, सरपंचांना, ग्रामसेवकांना विचारतात. म्हणून ही माहिती त्यांच्यापाशी असणे अगत्याचे आहे. शाळेतील एका तासात वेष्टन वाचण्यास शिकविता येईल. ग्रामसभेत नोंदणी क्रमांकाचे महत्त्व सांगता येईल. सावळा रंग हा रोग नव्हे, हेही मुलींना तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याला रोग नाही त्याला औषध नको आणि ज्याला रोग आहे त्याला भोंदू नको, एवढे गावोगाव रुजले, तर लग्नाच्या हळदीआधी एखाद्या लेकीचे मूत्रपिंड पणास लागणार नाही.