अम्मीचा श्वास

माझा भाचा महागडा म्युझिक प्लेअर घेऊन अर्धापूरला आला. म्हणाला, "मामू, मोबाइलपेक्षा किती सरस आहे, ऐका!" सरसच वाटला. पण जे किंचित मोठ्याने वाजते, तेच कानाला उजवे वाटते. म्हणून दोन्हींचा आवाज समान केला, चांगला हेडफोन एकच ठेवला, मी डोळे मिटले. कोणते यंत्र वाजतेय, ओळखता येईना. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माणसाच्या कानाला तेवढे पुरतात. पन्नाशीनंतर तर उंच, बारीक स्वर कमीच ऐकू येतात.

शेवटी अम्मीच्या ओव्यांची जुनी कॅसेट दोन्हींत उतरवली. ओवीआधी तिने घेतलेला श्वास प्रथमच ऐकू आला. प्लेअरवर, मग मोबाइलवरही. कॅसेटमध्ये तो होताच. मीच कधी गप्प बसून ऐकले नव्हते.