चित्र काढणारे यंत्र चुकते तेव्हा

माझी आजी जात्यावर दळत बसली आहे, असे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. तिचे एकुलते एक छायाचित्र आहे ते स्टुडिओतले. खुर्चीवर ताठ बसलेल्या त्या बाईशी आमच्या आजीचे फारसे साम्य नाही. गेल्या वर्षी माझी पुतणी म्हणाली, "काका, हल्ली वर्णन लिहून दिले की संगणक चित्र काढून देतो. आपण करून पाहू या." आम्ही लिहिले : 'नऊवारी नेसलेली वृद्ध मराठी स्त्री पहाटे जात्यावर दळत आहे.' मिनिटाभरात चित्र आले. पहाटेचा उजेड सुरेख होता, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खऱ्या वाटत होत्या. परंतु उजव्या हाताला सहा बोटे होती, लुगड्याला काष्टा नव्हता, जात्याच्या जागी कुंभाराच्या चाकासारखे काहीतरी होते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत देवनागरीचा भास करून देणारी, पण कोणालाच वाचता येणार नाहीत अशी अक्षरे होती.

असा अनुभव आज पुष्कळांना येतो. यंत्राला नावे ठेवून उठण्यापूर्वी ते कोठे आणि का चुकते, हे समजून घेतलेले बरे. कारण कळले की उपाय बहुधा सुचतो.

२०२२ च्या सुमारास सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या ह्या यंत्रांपैकी बहुतेकांची रीत मोठी विलक्षण आहे. स्टेशन नीट लागले नाही म्हणजे रेडिओवर जशी नुसती खरखर ऐकू येते, तशी ठिपक्यांची खरखर आरंभी घेतली जाते. मग ती टप्प्याटप्प्याने, बहुधा वीस ते पन्नास टप्प्यांत, निवळत नेली जाते, आणि आपले शब्द तिला प्रत्येक टप्प्यावर दिशा दाखवितात. शब्दांचा आणि रूपांचा हा संबंध यंत्र शिकते ते इंटरनेटवरील चित्रे आणि त्यांच्याबरोबरचा मजकूर ह्यांच्या जोड्यांवरून. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लायन-५बी' ह्या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांपैकी सुमारे २३० कोटी जोड्यांचा मजकूर इंग्रजी होता. उरलेल्यांत शंभराहून अधिक भाषांना वाटा मिळाला होता, आणि कित्येकांची तर भाषाच ओळखता आली नव्हती. अशा शाळेत शिकलेल्या यंत्राला 'जाते' हा शब्द कितीदा भेटला असेल? जे क्वचितच पाहिले, त्याच्या जागी त्याने जवळचे, ओळखीचे असे काही काढले.

म्हणून पहिला उपाय असा की, वस्तू नावाने न सांगता रूपाने सांगावी. आम्ही 'जाते' हा शब्द काढून 'एकावर एक ठेवलेले दोन वाटोळे दगड, वरच्याच्या मध्यभागी भोक, कडेला उभा लाकडी खुंटा' असे लिहिले, आणि तेच इंग्रजीतही लिहून पाहिले. चाक नाहीसे झाले. मात्र सांगण्यालाही मर्यादा आहे. आरंभीच्या काही लोकप्रिय यंत्रांचा शब्द वाचणारा भाग एका वेळी ७७ शब्दखंडांपलीकडे वाचीत नसे. पुढचे सारे वाया जाई. तेव्हा महत्त्वाचे ते आधी लिहावे आणि अलंकार आवरावेत.

दुसरी गोष्ट नकाराची. 'दिनदर्शिका नको' असे लिहिले की दिनदर्शिका हमखास येते. कारण यंत्र 'दिनदर्शिका' हा शब्द ऐकते आणि 'नको' हा शब्द पुष्कळदा त्याच्या कानावरून जातो. काही ठिकाणी नको असलेल्या वस्तूंसाठी निराळा रकाना असतो. तो नसेल तर जे हवे तेच सांगावे : 'भिंत कोरी, नुकतीच सारवलेली.'

बोटांचा घोटाळा का होतो? हात चित्रात लहानसा असतो, त्याच्या ठेवणी असंख्य असतात, आणि चित्राखाली बोटांविषयी कोणी लिहीत नाही. नव्या यंत्रांत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. तरीही तो आढळला तर सबंध चित्र टाकून देऊ नये. तेवढाच हात खुणेने वेगळा करून पुन्हा काढून घेण्याची सोय असते. अक्षरांचे दुखणेही असेच आहे. यंत्राला अक्षर हा आकार वाटतो, उच्चार नव्हे. रोमन अक्षरे आता बरीच शुद्ध येतात. पण आपल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. त्यापेक्षा जागा कोरी ठेवून मजकूर मागाहून आपणच घातलेला उत्तम.

एकच वर्णन दोनदा दिले तरी चित्रे दोन तऱ्हेची येतात, अशीही तक्रार असते. आरंभीची खरखर दर वेळी निराळी असते, हे तिचे कारण. त्या खरखरीला एक क्रमांक असतो. त्याला 'सीड', म्हणजे बीज, म्हणतात. यंत्र तो दाखवीत असेल तर टिपून ठेवावा, तो कायम ठेवावा आणि एका वेळी एकच शब्द बदलावा. चार औषधे एकदम बदलणाऱ्या वैद्याला गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. चित्र अतोनात भडक आले, तर शब्दांना चिकटून राहण्याचे प्रमाण जास्त ठेवलेले असण्याचा संभव असतो. ते कमी करावे. 'स्टेबल डिफ्युजन'ची पहिली आवृत्ती ५१२ बाय ५१२ ठिपक्यांच्या चौकोनावर शिकलेली होती. तिच्याकडे फार उंच चित्र मागितले की एका माणसाला दोन डोकी फुटत. अशा वेळी लहान चित्र काढून मग ते मोठे करावे. आणि निरुपद्रवी शब्दालाही पहारेकऱ्याने अडविले, तर दुसरा शब्द योजावा. वाद घालून उपयोग नसतो.

परंतु ह्या सगळ्या उपायांना पुरून उरलेली एक अडचण आमच्यापुढे आली, आणि ती यंत्राची नव्हती. पुतणीने विचारले, "काका, आजी बसायची कशी? खुंटा कोणत्या हातात?" मला सांगता येईना. जन्मभर ज्या घरघरीने जाग आली, ती करणारी बाई कशी बसत असे, हे मी कधी पाहिलेच नव्हते. शेवटी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "एक पाय लांब, दुसरा मुडपलेला. उजव्या हाताने खुंटा, डाव्या हाताने वैरण. हात दुखला की पालटायचा. आणि पदर खोचलेला. तो मोकळा सोडून कोणी दळत असते का?" आत्याचे शब्द जसेच्या तसे उतरविले, तेव्हा कोठे चित्र जमले.

सहा बोटांची चूक कोणालाही दिसते. काष्टा नाही, ही चूक ज्याला लुगडे ठाऊक आहे त्यालाच दिसते. ज्याने जाते पाहिले नाही, तो त्या चाकालाच जाते समजेल. ते चित्र इंटरनेटवर जाईल, आणि उद्याचे यंत्र कदाचित त्यावरूनच शिकेल. म्हणून यंत्र दुरुस्त करण्याची खरी विद्या कळफलकावर नाही. ती आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि तिला फार काळ हाताशी समजता येत नाही.

तयार झालेले चित्र आम्ही आत्याला दाखविले. चष्मा पुसून तिने ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "ही आमची आई नव्हे. पण बसलीय बरोबर." ते चित्र आता आमच्या संग्रहात आहे. पुढे कोणाची फसगत होऊ नये म्हणून त्याखाली पुतणीने लिहून ठेवले आहे : 'हे छायाचित्र नव्हे. चित्र यंत्राचे, वर्णन आत्याचे.'