लंगडी कोंबडी आणि कराराचा कागद



कापूस-ज्वारीवर भागेना, म्हणून आपल्यातल्या काहींनी करारावर ब्रॉयलरची शेड घातली. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, मेहनत आपली. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काही कोंबड्या लंगडतात, बसकण मारतात, मरतात. सुपरवायझर म्हणतो, "निगा चुकली." मोबदला कापला जातो.

आम्ही शेतकी शिकलो ते सांगतो. सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाणाऱ्या पक्ष्याचे मांस हाडाच्या पुढे धावते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या वाढत्या टोकाला बारीक तडे पडतात. आतड्यातून वा श्वासातून रक्तात गेलेले स्टॅफिलोकोकस, एन्टेरोकोकस, ई. कोलाय हे जिवाणू त्या तड्यांत बसतात. हाड आतून कुजते. मेलेल्या भागात रक्त जात नाही, मग अँटिबायोटिक कुठून पोचणार? कोलिस्टिनवर तर 2019 सालीच सरकारने बंदी घातली.

अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांनी पक्षी तारेच्या जाळीवर वाढवले. पाय डळमळले, लंगडेपणा वाढला. हा अभ्यास 2012 साली छापून आला.

गादी कोरडी ठेवणे, पाण्याच्या नळ्या धुणे हे आपले काम, ते करूच. पण वाढीचा वेग कोण ठरवतो? पिल्लू कोण निवडतो?

म्हणून मेलेल्या पक्ष्याचा खुबा सुपरवायझरसमोर उघडा. निरोगी टोक पांढरे, गुळगुळीत असते. रोगट टोक पिवळसर, ठिसूळ. दिसेल ते लॉटच्या वहीत लिहा, त्याची सही घ्या. मग कपातीचे बोलू.