लक्ष्मीबाई टिळक : सावकाश उमललेली श्रद्धा

१८९५ साली कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती होऊन बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला दोघे पुन्हा एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनाला पुरते पटल्यावरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला त्यांची ही सावकाशी फार मोलाची वाटते. अशी श्रद्धा मग डळमळत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचे ख्रिस्तावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचून ते पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी आपले सोवळेही लपवले नाही. १९३६ साली त्या गेल्या.